दुपारची मोट

कुंडलच्या शिवारात दोन मोटांची विहीर मोजक्याच घरांची होती, त्यातलं एक घर भाऊसोचं. दोन मोटांचं काम सोपं नसतं. एक मोट भरून वर येते तेव्हा दुसरी खाली गेलेली हवी. दोन्ही बैलजोड्या अशा मागंपुढं चालल्या तर मोटा जिथं रिकाम्या होतात त्या थारोळ्यातलं पाणी तुटत नाही आणि पाटातली धार थेट ओढ्याकडच्या शेवटच्या सरीपर्यंत पोचते. एकटीच मोट चालली तर ती रिकामी होऊन पुन्हा भरून येईपर्यंत पाट उघडा पडतो, माती पाणी पिऊन टाकते आणि लांबचा ऊस सुकल्या तोंडानं उभा राहतो.

भाऊसोला हे बापानं शिकवलं होतं. बाप गेला, धाकटा भाऊ जोतीराम हाताशी आला आणि आला तसा पलटणीत गेला. चार वर्षं लढाईवर होता. त्याच्या पगारातून विहिरीचं दगडी बांधकाम झालं. दुसऱ्या मोटेवर भाऊसोनं गडी लावून बघितले, पण एकही टिकला नाही. म्हणून शेहेचाळीस साली जोतीराम सुखरूप परत आला तेव्हा भाऊसोनं आधी काय केलं असेल, तर दुसरी मोट ओढायला नवा नाडा वळून ठेवला.

जोतीराम तांबडं फुटायच्या आत मोटेवर आला. काम असं केलं की बघणाऱ्यानं बघत राहावं. ऊन डोक्यावर आलं तशी त्यानं मोट सोडली, बैलांना पाणी दाखवलं, वैरण टाकली आणि बांधावरच्या खोपटाकडं गेला. तिथं त्याची बायको बनुबाई भाकरी घेऊन आली होती. भाऊसोला वाटलं, जेवून येईल. जोतीराम आला तो दुसऱ्या दिवशी पहाटे.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. लढाईवरून आलेलं माणूस, थकलं असेल, म्हणून भाऊसोनं पहिल्यांदा तोंड उघडलं नाही. पण दिवाळी होऊन गेली तरी थकवा काही जाईना. मग एका दुपारी जोतीराम बैल सोडत असताना भाऊसोनं विचारलंच.

"का रं, आंग दुकतंय का?"

"न्हाई."

"मग दुपारचं काय आडतंय?"

"आडत काय न्हाई, दादा. दुपारी काम करायचं न्हाई म्या."

"म्हंजी?"

"सकाळचं तुज्या खांद्याला खांदा लावून करतूय की. कवा उशीर केलाय? दुपार मला पायजे."

"कशाला पायजे?"

जोतीरामनं बैलाच्या मानेवरची माशी हाकलली. "कशाला म्हंजी? चार वर्सं बिगुलावर उठलू, बिगुलावर जेवलू, बिगुलावर निजलू. तवाच ठरीवलं हुतं. वाचलू तर अर्धा दिस सरकारचा न्हाई, कुणाचाच न्हाई. माजा आन बनूचा. आमी दोन मान्सं. दोघांपुरतं दुपारपातुर हुतंय."

"आन माजी पाच पोरं? ती कुणाची? तुजी न्हवंत?"

जोतीरामनं बैलांचा कासरा हातात गोळा केला. मग म्हणाला, "त्यांच्यासाटी सकाळ हाय की. पिकातलं मला कमी दे, मी तोंड उघडायचा न्हाई."

हे ऐकून भाऊसोचं डोकं फिरलं. धाकट्याला कमी द्यायचं म्हणजे गावानं थुंकायचं, की थोरल्यानं लढाईवरून आलेल्या भावाला लुबाडलं. तो तसाच मोटेकडं वळला. एकट्यानं मोट जुंपली आणि गाणं सुरू केलं. मोट हाकताना सगळेच गातात, त्याशिवाय बैलाला आणि माणसाला दम राहत नाही. पण भाऊसोचा आवाज ओढ्यापल्याड जायचा, आणि त्या दिवसापासून दुपारी तो मुद्दाम एक पट्टी चढवून गाऊ लागला. खोपटात निजलेल्याला कळू दे, कोण राबतंय ते.

शेताच्या टोकाला दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, तानुबाई नावाची मोलकरीण असायची. ती खोरं टेकवून तिथनंच ओरडायची, "आवं भाऊसो, गाणं आलं, पाणी न्हाई आलं!"

दुपारी हे दोघं करतात तरी काय, हा प्रश्न भाऊसोला सुटेना. एकदा वैरणीचं निमित्त काढून तो खोपटाच्या मागनं गेला. जोतीराम मेढीला पाय लावून उताणा पडला होता. बनुबाई शेंगा फोडत होती. एक दाणा आपल्या तोंडात, एक त्याच्या. ती म्हणत होती, "मग तुमची पलटण हुती त्या गावात लिंबं रस्त्यावर पडत्यात आन कुणीच उचलत न्हाई?" तो म्हणाला, "न्हाई उचलत." ती म्हणाली, "येडीच हायती." आणि दोघं हसली. एवढंच. भाऊसो थोडा वेळ थांबला, पण पुढं काही झालंच नाही. तो परत फिरला, आणि वैरण न्यायची विसरून गेला.

गावाला मात्र इतकं साधं चालत नाही. पारावर हंबीरराव बसायचा. त्याचं शेत भाऊसोच्या बांधाला लागून होतं आणि त्याची जीभ गावातल्या सगळ्या बांधांना लागून होती.

"काय भाऊसो," एका संध्याकाळी त्यानं चारचौघांत सुरुवात केली, "धाकला लय शिकून आलाय म्हंत्यात इलायतेत. दुपारी साह्यबावानी बायकूसंगं बसतुय."

माणसं हसली.

"पोर ना बाळ," हंबीरराव म्हणाला, "राबायचं कुणासाटी? त्याचं बी खरं हाय गड्या. पर तुज्या पोरांसाटी त्यो का राबंल? वाटणी टाक, इहिरीची पाळी बांधून दे. एक दिस तुजी मोट, एक दिस त्याची. पोटाला चिमटा बसला की आपसूक दुपारी उटंल."

विहिरीची पाळी. म्हणजे पुन्हा कधी दोन मोटा एका वेळी चालणार नाहीत, आणि शेवटच्या सरीला कधी पाणी पोचणार नाही. गावातल्या निम्म्या घरांच्या मधे भिंती उभ्या राहिलेल्या भाऊसोनं बघितल्या होत्या. एकाच चुलीच्या दोन झालेल्या बघितल्या होत्या. आपल्या हयातीत आपल्या घरात हे होऊ द्यायचं नाही, एवढी एकच गोष्ट त्यानं मनात घट्ट बांधली होती. आणि आता माणसं पारावर बसून, तंबाखू मळत तेच बोलत होती.

त्याच्या तोंडातनं निघून गेलं, "नवस हाय त्याचा."

"कसला?"

"जोतिबाला बोललाय. मूल व्हावं म्हणून. चैताच्या यात्रंपातुर दुपारचं कामाला हात लावायचा न्हाई."

हंबीररावानं हातातली तंबाखू खाली टाकली आणि दोन्ही हात जोडून कपाळाला लावले.

"आरं मग आदी न्हाई का सांगायचं? देवाच्या कामाला आमी नावं ठेवत बसलू की रं!"

ही भानगड मिटवणं इतकं सोपं होतं, याचं भाऊसोलाच आश्चर्य वाटलं. त्या दिवसापासून टोमणे बंद झाले. जोतीराम दुपारी बांधावरून चालला की माणसं वाट सोडून उभी राहायची. त्याला वाटलं, गावाला सवय झाली असेल. म्हातारी आई रंगूबाई, जी सकाळ-संध्याकाळ धाकट्याच्या दुसऱ्या लग्नाचं काढत होती, तीही गप्प झाली. घर एक राहिलं. भाऊसोनं पुष्कळ दिवसांनी पोटभर झोप घेतली.

पण नवसाची गोष्ट बायकांपर्यंत पोचायची राहिली नव्हती. संक्रांतीला बनुबाईची ओटी जरा जास्तच भरली. मग शिमग्याच्या आधी बायका कारण नसताना येऊ लागल्या. कुणी नारळ घातला, कुणी खण घातला, कुणी कानात औषध सांगितलं. भरलेली ओटी परत करता येत नाही. बनुबाईनं नारळ खोपटात नेऊन ठेवले, एकाशेजारी एक, आणि जोतीरामला काही बोलली नाही.

चैत्र लागला आणि हंबीररावानंच गाठोडं सोडलं. सकाळच्या पाळीला तो मोटेवर आला आणि लांबूनच ओरडला, "जोतीराम, यात्रंला कवा निगायचं ठरलं? नवस फिटला की माज्या शेतावर ये बाबा, दुपारचा. औताला मान्सं कमी पडत्यात."

"कसला नवस?" जोतीराम म्हणाला.

हंबीररावानं भाऊसोकडं बघितलं. भाऊसोनं बैलांकडं बघितलं. जोतीरामची मोट तेवढ्यात भरून वर आली होती. ती त्यानं थारोळ्यात रिकामी केली, आणि मग बैल थांबवले. दोन मोटांची लय तुटली. पाटातलं पाणी पुढं जाऊन थांबलं.

हंबीरराव निघून गेल्यावर जोतीराम म्हणाला, "दादा, म्या देवाकडं काय मागिटलं न्हाई. कुणाकडंच न्हाई. तू मला भिकारी करून ठेवलास."

"मी घर राखायला बोललू. लोकं वाटणी काढत हुती."

"वाटणी लोकांनी काडली. म्या काडली हुती का?"

"लोकांच्या तोंडाला काय सांगू मग? माजा भाव दुपारी शेंगा खातुय म्हणून सांगू?"

"व्हय. त्येच सांगायचं."

भाकरी घेऊन आलेली बनुबाई मागं उभी होती. दिराशी ती कधी समोरासमोर बोलली नव्हती. पदर पुढं ओढून ती बोलली, आवाज मात्र कापला नाही.

"भावजी, समद्या मला वांज म्हणत हुत्या. त्याची सवय झाली हुती. आता आशा लावून बसल्यात. माज्या पोटाकडं बगत्यात, रोज. ह्ये लय जड हाय."

भाऊसो बैलाच्या मानेवरचं जू नीट करू लागला.

"यात्रंला म्या जायची न्हाई," ती म्हणाली. "देवाला खोटं सांगायला म्या तितवर चालत जाऊ का?"

"सांग, दादा," जोतीराम म्हणाला. "जितं बोललास तितंच जाऊन सांग. न्हाई सांगितलंस तर आमी घर सोडतू. इहिरीचा वाटा मागत न्हाई, शेताचा मागत न्हाई. कुटंबी दोघांपुरतं मिळंल. पर मग सकाळ बी तुला मिळायची न्हाई."

त्या संध्याकाळी भाऊसो पारावर गेला. जाताना त्यानं वाटेत मनाशी पुष्कळ जुळवाजुळव केली. गोळीचा तुकडा अंगात राहिलाय म्हणावं, डॉक्टरनं ऊन वर्ज्य सांगितलंय म्हणावं. ही कारणं नवसापेक्षा काही वाईट नव्हती. गावानं तीही पदरात घेतली असती. पारावर नेहमीची माणसं होती. हंबीररावानं जागा करून दिली.

"नवस न्हवता," भाऊसो उभ्यानंच म्हणाला. "म्या खोटं बोललू."

"आं? मग दुपारी त्यो करतू काय?"

"बसतू."

"आन?"

"आन काय न्हाई. बायकूसंगं बोलतू."

"आरं पर का?"

"त्याला दुपारचं काम करायचं न्हाई. सकाळी माज्यासंगं राबतू, माज्या पोरांसाटी राबतू. दुपार त्याची हाय."

हंबीररावानं हात मांडीवर ठेवले, मग उचलून पाठीमागं नेले. देवाला हात जोडले होते ते आता कुठं ठेवावेत, असं त्याला झालं असावं. मग म्हणाला, "तुमच्या घरात समदीच येडी हायती गड्या." माणसं हसली. भाऊसोनं ते हसणं उभ्यानं घेतलं आणि घरी आला. पुढं कितीतरी दिवस गाव जोतीरामला 'अर्ध्या रोजाचा' म्हणायचं आणि भाऊसोला त्याचा भाऊ म्हणून ओळखायचं. रंगूबाईनं दुसऱ्या लग्नाचं पुन्हा काढलं. जोतीराम पुन्हा नाही म्हणाला. घर मात्र एक राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन्ही मोटा चालू झाल्या. ऊन डोक्यावर आलं तशी जोतीरामनं आपली सोडली. त्या दिवशी का कुणास ठाऊक, भाऊसोनंही सोडली. बैल सावलीला बांधले आणि तो घरी गेला.

चंद्राबाई, त्याची बायको, ज्वारी निवडत होती. भाऊसो तिच्याजवळ खाली बसला. वीस वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी असा तो कधी बसला नव्हता.

"मोट मोडली का?" चंद्राबाईनं विचारलं.

"न्हाई."

"बैल बसला?"

"न्हाई."

तिनं सूप खाली ठेवलं आणि त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप तर न्हाई वाटत."

"आसंच आलू," भाऊसो म्हणाला. "बोलू म्हटलं."

"काय बोलायचं?"

भाऊसोनं विचार केला. रस्त्यावर पडलेली लिंबं त्यानं बघितली नव्हती. तो कधी सांगलीच्या पुढं गेलाच नव्हता. चंद्राबाईनं थोडी वाट बघितली, मग धाकटी पोर उचलून त्याच्या मांडीवर दिली, कारण बसलेल्या माणसाला काहीतरी हवंच. पोर रडायला लागली. तो तिला खांद्यावर घेऊन अंगणात चार फेऱ्या मारून आला. पोर निजली. तिला वाकळेवर ठेवून त्यानं पागोटं डोक्याला गुंडाळलं.

"निगालास?" आतनं म्हातारी रंगूबाई म्हणाली.

"पाणी धरायचं हाय."

"धरा बाबा," चंद्राबाई म्हणाली, आणि तिला सुटल्यासारखं झालं, हे तिच्या आवाजावरून कळलं.

शेताच्या वाटेवर खोपट लागतं. जोतीराम तोंडावर पटका टाकून निजला होता. बनुबाई बांधावर पाय सोडून बसली होती आणि एक नारळ दगडावर फोडत होती. भाऊसोला बघून तिनं पदर पुढं ओढला. मग खोबऱ्याचा एक तुकडा पानावर ठेवून बांधावर सरकवला आणि तोंड फिरवून बसली. भाऊसोनं तो उचलला.

त्यानं मोट जुंपली. बैल धावेच्या उतारावरून खाली गेले, मोट भरून वर आली, पाणी थारोळ्यात पडलं. लांब टोकाला तानुबाई खोऱ्यावर हात टेकून वाट बघत होती. पाणी तिच्यापर्यंत जायचं नव्हतंच, हे त्याला आणि तिला दोघांनाही ठाऊक होतं. जवळच्या चार सऱ्या मात्र भिजल्या असत्या. बैल उतारावर आले तशी भाऊसोच्या तोंडात गाण्याची ओळ आली. त्यानं खोपटाकडं बघितलं.

"आवं भाऊसो," तानुबाई ओरडली, "आज गाणं बी न्हाई व्हय?"

त्यानं तोंडावर बोट ठेवलं आणि बैलांना जिभेनं चुचकारून पुढं हाकललं.