हाताचा अंदाज

"घट्ट आहे. परत खोल," सासरे म्हणाले आणि पान्यावर चढवलेला पाइप त्यांनी सोडून दिला. जॅकवर उचललेले चाक जरासे हलून थांबले.

सून तेलकट फडके हातात घेऊन खाली बसली होती. "बाबा, कालच एक चकती कमी केली ना आपण?"

"मग आज अजून एक कर. एवढ्या पकडीवर गाडी वळायची कशी? हट्टी बैलासारखी नाकासमोर जाईल."

स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाईंनी डोकावले. "अहो, किती वेळा त्या यंत्राचं पोट फाडाल? माणूस असता तर उठून पळाला असता."

"पळावं म्हणूनच फाडतोय," सासरे म्हणाले आणि हात धुवायला गेले. पण नळापाशीही त्यांचा पाय ठरेना. मध्येच वळून गाडीकडे बघत होते.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघांनी मिळून ही गाडी उभी केली होती. सांगाडा पाइपांचा, इंजिन मोटरसायकलचे, आणि तिथून मागच्या चाकांपर्यंत चेन. आधी दोन्ही चाके एकाच दांड्यावर होती. वळण आले की एक दुसऱ्याला फरफटत नेई. म्हणून भंगारातून एका मोटारीचे डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देणारे यंत्र, आणले, तेही साधे नव्हे. साध्यात एक चाक खडीवर घसरले की सगळा जोर तिकडेच उधळतो आणि दुसरे ढिम्म उभे राहते. याच्या पोटात एकमेकींना धरून बसलेल्या चकत्या होत्या. वळताना त्या जरा सैल सोडत, पण घसरणाऱ्या चाकाला एकटे पळू देत नसत. सुनेने कारखान्यातल्या लेथवर कडे कातून त्यावर चेनचे चक्र बसवले, तेल राहावे म्हणून भोवती बंद पेटी केली. पकड किती ठेवायची, हे मात्र सासऱ्यांच्या हाताने ठरवायचे होते.

पंपहाउसात त्या हाताने उभी हयात काढली होती. नट किती आवळायचा यावर वाद झाला की लोक म्हणत, त्यांना नको, त्यांच्या हाताला विचारा. लग्न होऊन आली तेव्हा सुनेला पाना कुठून धरायचा तेही ठाऊक नव्हते. कारखान्यात आज ती चार माणसांत ताठ मानेने उभी राहते, ते त्या हाताखाली शिकली म्हणूनच.

सासरे चहाला आत गेले तशी तिने खुंटीवरचा, ओढ मोजायचा स्प्रिंगकाटा काढला, पाइपच्या टोकाला अडकवला आणि ओढला. चकत्यांची पकड सुटून चाक फिरले तेव्हा काटा जिथे हवा तिथेच होता. काल तो थोडा पुढे होता, आज चोख. तिने पुन्हा ओढून पाहिले. तेच.

मग घट्ट काय होते?

हल्ली सासरे पेला दोन्ही हातांनी धरत. परवा बरणीचे झाकण तिच्यापुढे सरकवत म्हणाले होते, हे आज फारच बसलंय. तिने ते सहज उघडले होते आणि विसरूनही गेली होती.

ती उठली, पाना जागेवर ठेवला, पुन्हा उचलला. संध्याकाळी ते गाडी समोरच्या चढावर काढणार होते. चढ सुट्या खडीचा, कडेला नाला. आणखी एक चकती काढली तर अर्ध्यावर एक चाक नुसते गरगरेल आणि गाडी मागे येईल. आणि न काढावी, तर त्या हाताला सांगायचे कसे, की बाबा, यंत्र बरोबर आहे?

तिने पेटी खोलली, तेल काढले, चकत्या पुसल्या आणि होत्या तशाच परत बसवल्या. मग पान्यावरचा पाइप उतरवून कोपऱ्यातला दुसरा चढवला.

उन्हे कलल्यावर सासऱ्यांनी ओढून पाहिले. चाक सुटले. "हं. आता कसं!" त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पुन्हा ओढले, आणि हात पाइपवरून हळूहळू टोकापर्यंत सरकत गेला. तिथे थांबला.

"पाइप बदललास?"

"हो, बाबा."

"वीतभर लांब आहे. म्हणून हलकं लागलं."

तिने मान डोलावली.

"चकती?"

"नाही काढली. काट्यावर बरोबर भरतंय."

सासऱ्यांनी पाइपवरचा हात काढला. आतून सासूबाईंनी विचारले, "झालं का एकदाचं? की उद्याही तेच?"

"झालं," सासरे म्हणाले. मग सुनेकडे न बघता, हळू आवाजात, "दुसरा कुणी असता ना, तर मी म्हणतो म्हणून चकती काढून मोकळा झाला असता."

त्यांनी जॅक उतरवायला घेतला. तिने पुढे होऊन हात लावला, त्यांनी लावू दिला. गाडी अंगणात आली तेव्हा ते स्टिअरिंगपाशी क्षणभर उभे राहिले आणि वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

"मी?" ती म्हणाली.

"मग काय तुझी सासू? चल, उजेड आहे तोवर."

चढ लागला. खडी कडकडली, मागचा भाग किंचित सरकला. पण दोन्ही चाकांनी मिळून जमीन धरली. सासरे पूर्ण वेळ मागे मान वळवून बसले होते. गाडी वर सपाटीला पोहोचली आणि तिने इंजिन बंद केले.

ते सावकाश उतरले, मागे गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि पेटीवर तळवा ठेवला.

"कोमट आहे," ते म्हणाले. "चकत्या घासल्यावर एवढं चालतं."

ती शेजारी उभी राहिली. खाली घरात दिवा लागला तरी त्यांनी तळवा उचलला नव्हता.