पाणी तयार होईपर्यंत

मला थांबता येत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, धंद्यामुळे जडलेली खोड म्हणून सांगते. मी गाडी चालवायला शिकवते. शिकणारा स्टिअरिंग धरून बसतो आणि शेजारी माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. काही बिघडतंय असं वाटलं की माझा पाय डोक्याच्या आधी चालतो. त्या पायाने बऱ्याच जणांची हाडं शाबूत ठेवली आहेत, पण घरात त्याचा जाचच होतो, असं नवरा म्हणतो.

बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहतात. औषधांचं दुकान बंद केल्यापासून त्यांचं सगळं लक्ष एका समुद्री माशांच्या टाकीवर, आणि आई गेल्यावर तर विचारूच नका. टाकीत आता एकच मासा उरला होता. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिश, वयाने मोठी आणि तोऱ्यात त्याहून मोठी. बाबा तिला बाईसाहेब म्हणतात. मध्यंतरी बाबा न्हाणीघरात पडले आणि शेजारीण दार वाजवेपर्यंत तसेच पडून राहिले. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. आमच्याकडे राहायला चला, म्हणून मी हात धुऊन मागे लागले. शेवटी ते हो म्हणाले, पण अट घातली. आधी तुझ्या घरी टाकी, टाकीत पाणी तयार, मग बाईसाहेब, आणि बाईसाहेबांबरोबर मी.

पाणी तयार करायचं म्हणजे मीठ घालून ढवळायचं, अशी माझी समजूत. बाबा येऊन टाकी मांडून गेले तेव्हा खरं काय ते कळलं. गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ, तळाशी वाळू, वर कोरडे सच्छिद्र दगड, पाणी फिरवायला पंप, गाळायला स्पंजचा फिल्टर, आणि एवढं सगळं छान जमल्यावर त्यांनी त्यात एक कच्ची कोलंबी टाकली. ती सडायला हवी म्हणे. सडली की पाण्यात अमोनिया होतो, तो माशाला विष. मग दगडांवर एका जातीचे जिवाणू धरतात, ते अमोनिया खाऊन नायट्राइट करतात. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे येतात आणि त्याचं फारसं न बाधणारं काहीतरी करतात. दोन्ही जाती नांदायला लागल्या की पाणी तयार. आधी मासा, प्रवाळ नंतर सावकाश. मी म्हटलं, तुमच्या टाकीतले दगडच आणू, त्यांच्यावर हे सगळं बिऱ्हाड आयतं असेल. त्यावर ते मान हलवत म्हणाले की त्या दगडांवर डंख मारणारं एक तण माजलंय, नव्या घरात ती पीडा नको.

मग मी आणि टाकी. नवरा घरूनच भाषांतराचं काम करतो, यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं, आणि त्याचं टेबल त्याच खोलीत. कोलंबीचा वास सुटल्यावर तो नाकाला रुमाल बांधून बसायचा आणि मी आले की रुमाल जरा वर ओढायचा. मी रोज नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायची. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही, हिरवं झालं तर आहे. रंग आधी पोपटी झाला, मग गडद हिरवा. बाबा फोनवर खूश. सडू दे, म्हणाले. इकडे मी नळी उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघायची. रोज विष वाढतंय, त्याच टाकीवर बाबांचं येणं अडलंय, आणि मी हातावर हात ठेवून बसायचं?

नाही बसले. सकाळी पहिला क्लास सुरू व्हायच्या आत ती लिबलिबीत कोलंबी काढून फेकली, जवळजवळ सगळी टाकी उपसली, ताजं खारं पाणी भरलं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. संध्याकाळी नळीतलं पाणी पिवळंधमक. मी आनंदाने बाबांना फोन केला. त्यांनी नायट्राइटची दुसरी चाचणी करायला लावली. तिचा रंग जांभळा यायला हवा होता, माझा आला निळा, म्हणजे काहीच नाही. मधली पायरी गेली कुठे, असं ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले आणि म्हणाले, नवी कोलंबी टाक, पुन्हा सुरू कर. पाणी उपसल्याचं मी काही बोलले नाही. लपवलं असंही नाही. घरातली भांडी घासली हे कोणी फोन करून सांगतं का?

पुन्हा कोलंबी, पुन्हा वास, पुन्हा हिरवं. पुन्हा मला राहवलं नाही. पुन्हा पिवळं, आणि पुन्हा बाबांचं तेच, नव्याने सुरू कर. असं होत राहिलं. मी चिडचिडी झाले. रात्री फोन वाजला की धडधडायचं, वाजला नाही तरी धडधडायचं. एकदा जेवताना नवरा सहज म्हणाला, त्यांना यायचंच नसेल तर? तो म्हणाला आणि ताटातली भाजी संपवायला लागला, पण माझ्या डोक्यात ते घर करून बसलं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर मी कचकन ब्रेक दाबला. स्टिअरिंगवर बँकेतल्या एक बाई होत्या. काय आडवं आलं, म्हणून त्यांनी विचारलं. काही नाही, म्हटलं, गाडी वळवा, आजचा क्लास इथेच संपला.

तशीच बाबांकडे गेले. दार उघडायला त्यांना वेळ लागला. मी उंबऱ्यातच सुरू झाले.

"तुम्हाला यायचंच नाहीये ना? मग तसं स्पष्ट सांगा. त्या कोलंब्यांच्या मागे कशाला लपताय?"

बाबा बाजूला झाले. आत भिंती उघड्या होत्या. पुस्तकं खोक्यांत भरून सुतळीने बांधलेली. कॉट दिसेना. ती वरच्या मजल्यावरच्यांना देऊन टाकली, म्हणाले. अंथरूण सोफ्यावर होतं. स्वयंपाकघरात एक पातेलं, एक ताट, एक कप. तेवढी टाकी चालू होती आणि बाईसाहेब काचेला तोंड लावून मला न्याहाळत होत्या. माणूस इथून कधीचा निघालेला होता, फक्त पोचायचा राहिला होता.

"मला एक सांग," बाबा म्हणाले. "पाणी बदलतेस का गं तू?"

मी सांगितलं. जवळजवळ सगळं पाणी, दर वेळी. स्पंजही धुते, नळाखाली.

त्यांनी डोळे मिटले. रागावले असते तर बरं झालं असतं. सावकाश समजावून सांगितलं की तो हिरवा रंग म्हणजे त्या जिवाणूंचं खाणं, ते मी दर वेळी पुढ्यातून उचललं. जे थोडे स्पंजात धरले होते, ते नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मारले. बिघडत काहीच नव्हतं. मी एका खोक्यावर बसले. मला लाज वाटली. बाबांचं येणं बाबांनी नाही, मी अडवलं होतं, तेही त्यांना लवकर आणायच्या नादात.

मला पाणी द्यायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा शर्टाची बाही मागे सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत हात काळानिळा झाला होता. दाराशी बांधून ठेवलेल्या बॅगेत पाय अडकून पडलो, म्हणाले, मागच्या आठवड्यात. बोलताना त्यांनी बाही पुन्हा खाली ओढली.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगितलं असतं तर तू आणखी घाई केली असतीस," ते म्हणाले. "त्या घाईत बाईसाहेबांचा जीव गेला असता. मग तुझ्या घरी त्या टाकीसमोर मला बसवलं नसतं."

मी ताडकन उठले. आजच्या आज चला, म्हटलं, बाईसाहेबांना बादलीत घेऊ, काहीतरी करू. वाक्य संपायच्या आत मलाच ते ऐकू आलं आणि मी पुन्हा खोक्यावर बसले.

मग नवऱ्याला फोन केला. नवी कोलंबी टाक, म्हटलं, आणि कितीही घाण वास आला, कितीही हिरवं झालं तरी हात लावू नकोस. माझे कपडे आणून दे. कधी येणार आहेस, असं त्याने विचारलं. पाणी तयार झालं की, म्हटलं. ते कधी होईल, हे त्याला काय, मलाही माहीत नव्हतं. तिकडे टाकीवर राहिले असते तर हात शिवशिवलेच असते, आणि इकडे त्यांना एकटं सोडणं मला आता शक्य नव्हतं.

फोन ठेवेपर्यंत बाबा सोफ्याच्या कडेला टेकून ऐकत होते.

"तुला जमणार नाही हे," ते म्हणाले.

"नाही जमणार," मी म्हटलं. "तरी राहते."

त्यांनी अंथरूण गोळा केलं आणि माझ्यासाठी सोफ्यावर जागा केली.