फिटरच्या रिकाम्या जागा

जून लागला की धनपाल मगदूम सर रिकाम्या जागा मोजायला लागायचे. निपाणीच्या एका खासगी आयटीआयचे ते प्राचार्य. पण जून-जुलैत त्यांचं काम एकच, पोरं गोळा करणं. सकाळी ऑफिसातली उत्तरं पाठवायची आणि दुपारी फिटरचा मास्तर परशराम याच्या मोटारसायकलवर मागं बसून गावं पालथी घालायची. दहावी झालेल्या पोराचं घर विचारत जायचं, बाहेरच्या सोप्यावर बसायचं, नको असलेला चहा प्यायचा आणि तेच ते बोलायचं.

ते स्वतः मूळचे फिटरच. ह्याच वर्कशॉपात निदेशक म्हणून लागले, तेव्हा पोराच्या हातावर हात ठेवून लोखंडावर कानस चालवायला शिकवायचे. पुढं गटप्रमुख झाले, उपप्राचार्य झाले, प्राचार्य झाले. लोकांनी हार घातले. एकेक पायरी चढत गेले तसं वर्कशॉप मात्र लांब गेलं. आता तिथं ते जायचे ते कुणी साहेब तपासणीला आला तरच.

यंदा फिटरच्या निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या. संस्थेचे चेअरमन नागेंद्र यांनी बोलावून सांगितलं, "सर, जागा भरा. न्हाय भरल्या तर ट्रेड बंद. मग परशरामला मी कुठं ठेवू?"

परशराम बाहेर व्हरांड्यातच उभा होता. त्यानं ऐकलं होतं, हे त्याच्या तोंडावरूनच कळलं. दोघं गाडीवर बसले आणि चिकोडीच्या रस्त्याला लागले.

तिसऱ्या गावात एका मुलाचं घर सापडेना, म्हणून देवळापाशी चौकशी केली. तेवढ्यात मागून हाक आली, "मगदूम सर न्हवं?"

दुधाची किटली घेतलेला एक माणूस होता. कानशिलावरचे केस पिकलेले. सरांना आधी ओळख पटली नाही. मग त्याचं हसणं पाहिलं आणि नाव आठवलं. गोमटेश. फिटरच्या बॅचमधला पहिल्या नंबराचा पोरगा. त्याचा जॉब, म्हणजे घासून केलेला लोखंडी नमुना, इतका चोख असायचा, की सर तो दुसऱ्या वर्गात नेऊन दाखवायचे.

गोमटेशनं हट्टानं घरी नेलं. सोप्यावर बसल्यावर सरांना आठवलं, आपण इथं आलो होतो. ह्याच जागी ह्याच्या आप्पांपुढं बसलो होतो. आप्पा आता भिंतीवरच्या फोटोत होते.

"पोरगी धावीची एसएसएलसी पास झाली औंदा," गोमटेश म्हणाला. "प्रिया. गणितात लई हुशार हाय."

परशरामनं सरांच्या गुडघ्याला हळूच हात लावला. सर सवयीनं सावरून बसले आणि त्यांच्या तोंडातून ते सुरू झालं, "गोमटेश, आता मुलीही फिटरला येतात. शेवटी कसं आहे, हातात हुन्नर असला की..."

"...माणूस कुणाच्या दारात जात न्हाय," गोमटेशनं वाक्य पुरं केलं. "आप्पांना हेच सांगितलं होतं तुम्ही. आप्पा मरूस्तोवर सगळ्यास्नी सांगत हुते."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"मग? कुठं लागलास?"

"लागलो की. कारखान्यातच लागलो. कंत्राटावर. वरीस भरत आलं की ब्रेक द्यायचे, परत घ्यायचे, परत ब्रेक. धा-बारा वर्सं असंच चाललं. मग आप्पा गेले. आता शेती आन् चार म्हशी." त्यानं किटली बाजूला सरकवली. "सर, तुमच्याबद्दल काय म्हणणं न्हाय माझं. पण खरं सांगा. फिटरला घालू पोरीला?"

आतल्या दारात प्रिया उभी होती. चहाचा ट्रे हातात तसाच, नजर सरांवर.

सरांना एकाएकी फार थकवा आला. होय म्हणायला एक शब्द पुरला असता. जून लागल्यापासून तो शब्द ते घरोघर देत आले होते.

"नको," ते म्हणाले. "मोठं लेथ मशीन बंद पडलंय. दोन वर्षं झाली, दुरुस्त होत नाही. एका मास्तरावर दोन वर्ग चालतात. फिटरला नको घालूस."

परशराम उठून बाहेर गेला.

परतताना त्यानं गाव सुटल्यावर बाभळीखाली गाडी थांबवली. सर उतरले.

"सर, तुम्ही आज माझी नोकरी घालवलीसा."

"खोटं सांगू व्हय रं, परशराम?"

"इतक्या घरात सांगितलंच की! ह्याच एका घरात काय धाड भरली हुती?"

शेजारून एक ट्रॅक्टर धडधडत गेला. मग परशरामनंच गाडीला किक मारली, "बसा," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सर नागेंद्रांना भेटले. "फिटरला यंदा नवीन पोरं घ्यायला नकोत," ते म्हणाले. "जी दुसऱ्या वर्षाला आहेत, त्यांचं नीट पार पाडू. परशरामला तोवर ठेवा. लेथ दुरुस्त झालं, तर पुढं बघू."

नागेंद्रांनी मान वर केली. "इतक्या वर्सांत तुम्ही पहिल्यांदा न्हाय म्हणालासा, सर," ते म्हणाले आणि फिटरची फाईल मिटून बाजूला ठेवली. त्याला होकार समजून सर उठले.

पण परशराम महिनाभरही थांबला नाही. कागलच्या एमआयडीसीत त्याला काम मिळालं, आणि तो राजीनामा क्लार्ककडं ठेवून गेला. प्राचार्यांच्या केबिनपर्यंत आला नाही. सरांनी दोनदा फोन लावला. रिंग वाजून थांबली.

दुसऱ्या वर्षाच्या पोरांना मास्तर राहिला नाही. तेव्हा सर सकाळी लवकर येऊन स्वतःच वर्कशॉपात उभे राहू लागले. बारीक मापं चष्म्याशिवाय दिसत नव्हती. तासाभरात गुडघे बोलायला लागायचे. पोरं आधी बिचकली. मग एकानं स्टूल आणून दिलं. सर त्यावर बसले नाहीत, पण ते जवळ असू दिलं. वर्ग संपला की ऑफिसात जाऊन दिवसाचं काम पहिल्यापासून सुरू. घरी जेवताना डुलकी लागायची.

जुलैच्या शेवटी एका सकाळी गोमटेश केबिनच्या दारात उभा राहिला. मागं प्रिया.

"सर, इलेक्ट्रिशियनला जागा हाय का?"

"आहे. पण मी तुला सांगितलं होतं ना..."

"ते फिटरचं." गोमटेश खुर्चीच्या कडेला टेकला. "मी न्हायच म्हणत हुतो. हीच हट्टाला पेटली. म्हणती, जो माणूस आपल्याच शाळेचं मशीन बंद हाय म्हणून सांगतो, त्याच्या हाताखाली शिकायला काय हरकत हाय?"

सरांनी प्रियाकडं पाहिलं. ती लाजली नाही.

"तिथलं सगळं चालू आहे का, सर?" तिनं विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "एक पॅनेल बंद आहे. मोटर रिवाइंडिंगचं चालू आहे. मास्तर चांगले आहेत, पण रागीट."

"चालतंय."

आनंद झाला म्हणावं, तर तो होण्याइतकं त्राण अंगात उरलं नव्हतं. परशराम आता कुठल्या शेडमध्ये उभा असेल, हेच मनात आलं. सरांनी शिपायाला हाक मारून प्रियाला वर्ग दाखवायला सांगितलं. ती दाराशी पोचली, तेव्हा त्यांचं लक्ष तिच्या पायांकडं गेलं.

"चप्पल चालणार नाही तिथं," ते म्हणाले. "सोमवारी यायच्या आधी रबरी तळव्याचे बूट घे."