बंगल्यातलं धुण्याचं मशीन

भंगाराच्या कोपऱ्यात ती जोडी दिसली तेव्हा मला आधी राग आला. माणसाला वस्तूची कदर नसते हेच खरं. एक कपडे धुवायचं मशीन, एक वाळवायचं, दोन्ही विलायती, आणि त्यांच्यावर कोणीतरी डांबराची पिंपं रचली होती. धुण्याच्या मशीनच्या झाकणाला गंज चढलेला, वाळवण्याच्या मशीनच्या गोल दारातून उंदरांची ये-जा सुरू. मी साजगावच्या कारखान्यात फिटर. स्टोअरकीपर वाल्मिकला म्हणालो, "ही जोडी मी नेतो."

"ने बाबा, जागा तरी मोकळी होईल. पण जळकं मशीन नेऊन करणार काय?"

"चालू करणार."

तो हसला. ते हसणं मला झोंबलं आणि मग तर मी हट्टालाच पेटलो.

हे शहात्तर सालच्या मे महिन्यातलं. खोपोलीला पावसाळ्यात चार महिने धुणं वाळत नाही. आनंदी, माझी बायको, शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून पोरांचे कपडे वाळवायची, आणि शाळेत पोरांच्या अंगाला धुराचा वास यायचा. वाळवण्याचं मशीन घरात आलं तर तिची सुटका होईल, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर आळीत आपलं नाव होईल हे पहिलं, बायकोचे हाल नंतर.

जोडी घरी न्यायला हातगाडी बोलावली, तर ती ओढत आला काळूराम.

काळूराम पूर्वी आमच्याच इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर कामाला होता. ही जोडी त्या साहेबाची. ती बसवली मी, चालवायचा काळूराम. त्र्याहत्तर साली मशीन जळलं, कपडे जास्त कोंबल्याचा ठपका येऊन काळूरामची नोकरी गेली, आणि जोडी भंगारात पडली. पुढे साहेबही विलायतेला परत गेला. 'साहेबाचं मशीन जाळलं' असं ज्याच्या नावावर लागलं, त्याला दुसऱ्या कारखान्याच्या गेटवर कोण उभं करणार? तीन वर्षं तो बाजारात हातगाडी ओढत होता. आणि तो ठपक्याचा कागद लिहिला होता मी, कारण मशीन तपासायला मलाच पाठवलं होतं.

त्याने मशीनच्या पाठीवर थाप मारली. "हीच ती. सदूदा, तू उघडनार ना हिला? मंग मी बी येतो मदतीला. मजुरी नको मला. माझं काय चुकलं ते एकदा बघू दे."

"अरे, कपडे जास्त झाले. लिहिलंय की तेव्हाच."

"तेच तर! मी मोजून टाकायचो रं. मडमेनं शिकवलं तसं, सा शर्ट नि दोन चादरी. मंग जास्त कधी झालं? तीन वर्सं डोस्क्यात तेच फिरतंय."

मी म्हटलं, ये. फुकटचा हात मिळत होता, कोण नाही म्हणेल?

आधी वाळवण्याचं मशीन घेतलं. आतून उंदरांचं घरटं निघालं, चिंध्यांचा नि कापसाचा एवढा मोठा बोळा. पत्र्याचा गंज आम्ही रॉकेल आणि नारळाच्या काथ्याने घासला, पितळी नळ्यांना चिंच लावली. पट्टा तुटला होता, तर गिरणीवाल्याकडून जुना पट्टा आणून कापून जोडला. चौथ्या दिवशी ड्रम फिरला आणि गरम हवा आली. आनंदीने ओला टॉवेल टाकला, तो तासाभरात खडखडीत वाळून निघाला. तिने तो गालाला लावला. काळूराम तर लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता.

पुढच्या रविवारी धुण्याचं मशीन आडवं पाडलं. जळक्या मोटारीच्या जागी मी कारखान्यातल्या जुन्या पंख्याची मोटार जुळवली होती. उरला होता त्याच मोटारीवर फिरणारा तळाचा पंप, ज्यातून घाण पाणी बाहेर पडतं. काळूराम विहिरीवर पाणी आणायला गेला आणि मी पंपाचं झाकण खोललं.

आत लाल नाड्याचा गुंता होता, दांड्याला करकचून आवळलेला. नाड्याला भोकाचा पैसा, आणि पंपाच्या पात्यांत घट्ट रुतलेली एक अख्खी सुपारी.

ती सुपारी माझी होती.

खंडेनवमीला आमच्या कारखान्यात एकही मशीन पूजेवाचून राहत नाही. लेथला हार, कंप्रेसरला हार, ऑफिसातल्या टायपरायटरलासुद्धा कुंकू. बंगल्यातलं मशीन मी बसवलेलं, म्हणजे माझंच, त्याला कसं वगळायचं? त्र्याहत्तरच्या खंडेनवमीला साहेबाची मडम मुंबईला गेली होती. पांढऱ्या पत्र्यावर कुंकवाचा डाग दिसला तर ओरडेल, म्हणून मी झाकण उघडून पूजा आतच उरकली. सुपारीला लाल नाड्याने भोकाचा पैसा बांधायचा, ही आमच्या आईची रीत. ती मशीनच्या आत कपडे घुसळणाऱ्या खांबावर ठेवली, संध्याकाळी काढीन म्हटलं आणि साफ विसरलो.

दुसऱ्या दिवशी आठवण झाली, पण तोवर एक धुणं होऊन गेलं होतं आणि आत काहीच दिसेना. मी काळूरामवर डाफरलो, "देवाचं उचललंस होय रे?" त्याची माणसं छप्पन्न साली बौद्ध झालेली. तो शांतपणे म्हणाला, "आमी त्यातलं काय करत नाय आता. मी कशाला हात लावू?" मी विश्वास ठेवला नाही. चार दिवसांनी मशीन जळलं. मी मागचं झाकण काढून पाहिलं, तर मोटार काळी पडलेली. पंप बघायचा तर मशीन आडवं पाडावं लागलं असतं, आणि मला घरी जायची घाई होती. 'कपडे जास्त भरले' असं लिहून सही ठोकली. माणसाच्या पोटावर पाय दिला, तोही घाईघाईत.

बाहेर बादलीची कडी वाजली. मी तो गुंता पकडीने ओढून तोडला, मुठीत घेतला आणि मागच्या दाराने जाऊन ओढ्यात फेकला. वीजघरातून सुटलेलं पाणी त्या ओढ्याला मेमध्येही जोरात असतं. सुपारी, पैसा, नाडा, सगळं गेलं.

संध्याकाळी मशीन सुरू झालं. काळूराम काठावर वाकून घुसळणारं पाणी बघत राहिला. मग म्हणाला, "सदूदा, आत काय सापडलं?"

"काय नाय. गंज."

"म्हंजे मीच," तो म्हणाला. "मोजन्यात कवातरी चुकलो असंन."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच मला सहन होईना. मी पाने-पकडी गोळा करायला लागलो. जेवताना आनंदी मशीनचं कौतुक करायला लागली, तसा मी ताट सारून उठलो.

असा महिना गेला. आळीतल्या बायका मशीन बघायला यायच्या, माझी वाहवा करायच्या, आणि मी कावल्यासारखा त्यांच्यावर खेकसायचो. मग एक दिवस काळूरामची बायको विमलबाई दारात येऊन उभी राहिली.

"खालापूरच्या सरकारी बंगल्यात धुन्याचं मशीन आलंय," ती म्हणाली. "चालवायला मानूस पायजे. ह्यांना निरोप आलाय, पन जुन्या कारखान्याची चिठ्ठी मागतात, वागनूक बरी म्हून. आनि हे तर जायालाच तयार नाय. म्हंतात, एक जाळलं, दुसरं बी जाळीन. तुमी तरी सांगा त्यांना."

मी तसाच उठलो. बाजारात काळूराम गाडीला टेकून बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, सुपारीपासून ओढ्यापर्यंत. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो गाडीच्या चाकाकडे बघत म्हणाला, "मंग मी बरोबर मोजत होतो."

"हो."

"मला सांगून काय उपेग, सदूदा? चिठ्ठी कोंडाजी फोरमन देनार. त्याच्याम्होरं सांग. चार मानसांत माझं नाव गेलंय, चार मानसांतच सांग."

दुपारची पाळी सुटली तेव्हा गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही गेलो. काळूराम बाहेर गाडीपाशी थांबला. कोंडाजी होता, वाल्मिक होता, आणखी दहा-बारा जण. मी मोठ्याने बोललो. काहीही लपवलं नाही. घाई होती म्हणून पंप उघडला नाही, हेही सांगितलं.

कोंडाजी म्हणाला, "सुपारीनं मशीन जळलं? कुठं हाय ती सुपारी?"

"फेकली. ओढ्यात."

"आन् पैसा?"

"तोही."

वाल्मिकला हसू आवरेना. कोंडाजीने मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सदू, तुझं काळीज लई मोठं हाय रं. त्याला काम मिळावं म्हून बालंट सोताच्या अंगावर घेतोस."

"अहो, खरं सांगतोय मी! आईची शपथ."

"दुसऱ्यापायी आईच्या शपथा खाऊ नये. त्या लोकांच्या हाताला कुठलं मशीन जमतंय? चिठ्ठीबिठ्ठी मी काय देनार नाय." मग टपरीवाल्याला म्हणाला, "सदूला एक कडक चहा दे. अशी मानसं राह्यली नाय आता."

मी ओरडलो, शिव्या घातल्या. जितका ओरडलो तितके ते मान डोलवत राहिले. काळूरामला सगळं ऐकू गेलं होतं. त्याने गाडीचा दांडा उचलला. मी धावत त्याच्याकडे गेलो, म्हटलं, मी सांगितलं रे, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ऐकलं मी. जा, चहा निवतोय तुझा."

खालापूरची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. कारखान्यात अजूनही माझा विषय निघाला की म्हणतात, सदू फिटर म्हणजे देवमाणूस.