पाणी कोणी पाजलं

दोन दिवस झाले, चिमाबाईने पाण्याला तोंड लावलं नव्हतं. "आता घरी न्या, सेवा करा," असं सांगून दवाखान्याने म्हातारीला पाठवून दिलं होतं, आणि ती सिल्वासाजवळ खडोलीत धाकट्या मुलाच्या, कारभारीच्या, खोलीत पडून होती. कारभारीने चमचा ओठाशी नेला की दात आवळून घ्यायची. "नवनाथले बोलाव. त्याच्या हातचं पिईन," एवढंच म्हणायची.

आणि नवनाथ कुठे होता म्हणाल, तर काही सरहद्दीवर नव्हता. मसाटला यार्न कंपनीच्या गेटवर खुर्ची टाकून बसला होता. खडोलीहून मोटरसायकलला पाव तास पुष्कळ. पण कारभारीचा फोन आला की म्हणायचा, "ड्यूटी आहे रे, रिलीव्हर नाही." खोटं, साफ खोटं. रिलीव्हर म्हणजे विकी, आणि तो गडी दोन्ही दिवस समोरच्या टपरीवर तंबाखू मळत बसला होता.

नवनाथ निर्दय होता असं नका समजू. निर्दय माणसाला निदान राग तरी येतो. नवनाथला काही म्हणजे काहीच येत नसे. फौजेतून सुटून आला त्याला आठ वर्षं झाली, तेव्हापासून हे असंच. सासरे गेल्याचा फोन आला, बायको कावेरी धाय मोकलून रडतेय, आणि हा बाबा विचारतो, "गॅस बंद केलास का?" पोरगी दहावीत शाळेत पहिली आली, तर पेढा खाल्ला आणि बोटं पुसली. "दगडालाही पाझर फुटतो हो, ह्यांना नाही," कावेरी शेजारणीला सांगायची. आधी रडून सांगायची, मग हसून, आणि हल्ली नुसतीच. कोणी कसे आहात विचारलं की याचं उत्तर ठरलेलं, "सब ठीक." पहाऱ्यावरचा शिपाई रिपोर्ट देतो तसं.

ललित चिमाबाईचा थोरला. नवनाथ आणि तो साक्री तालुक्यातल्या शेजारशेजारच्या गावांतले, एकाच दिवशी भरती झालेले, एकाच पलटणीतले. अकरा वर्षांपूर्वी काश्मीरात एका नाल्यात ललितच्या पोटात गोळी लागली. शवपेटी घेऊन गावी आला तो नवनाथच. अंगणात बाया जमल्या होत्या. गोळी कोणी मारली, कुठे लागली, यातलं चिमाबाईने काही विचारलं नाही. तिने एकच विचारलं, "शेवटी पानी कोनी पाजलं?"

नवनाथचा तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता. सगळं अंगण त्याच्या तोंडाकडे बघत होतं. "मी पाजलं," तो म्हणाला.

झालं! एका शब्दाने माणूस जन्माचा बांधला जातो, तो असा. शेवटचं पाणी पाजतो तो मुलगा, मग पोटचा असो की नसो. त्या दिवसापासून चिमाबाई त्याची माय झाली. पुढे नवनाथला आणि कारभारीला इकडे नोकरी लागली, मायही कारभारीकडे राहायला आली, आणि दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर भरून पितरांना जेवू घालतात तेव्हा ललितच्या नावाने पाटावर बसायचा मान नवनाथचा ठरला. पुरणपोळी, आमरस, कुरडई. मेलेल्याच्या जागी बसून तो वर्षानुवर्षं मुकाट्याने जेवत आला. चव कशी झाली विचारलं की म्हणायचा, "चांगली झाली, माय."

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कारभारी स्वतःच गेटवर येऊन उभा राहिला.

"नवनाथदादा, पाया पडू का तुमच्या? तिची जीभ लाकूड झालीय. ओठ फुटलेत. तुमच्यापायी तहानेने मरतेय ती, कळतंय का तुम्हाला? दोन चमच्यांचं काम आहे!"

तहानेने म्हटल्यावर नवनाथ उठला. गेटचं रजिस्टर विकीच्या हातात दिलं आणि कारभारीच्या मागे मोटरसायकलवर बसला. रस्ताभर कारभारी काहीबाही बोलत होता. नवनाथला ऐकू येत होतं, लागत काही नव्हतं. आपल्याला आता भीती वाटायला हवी, एवढं त्याला समजत होतं. त्याने मनात चाचपून पाहिलं, पण हाताला काही लागेना.

खोलीत कावेरी आधीच येऊन म्हातारीचे पाय चेपत होती. "आलात एकदाचे! बसा अहो, आणि पाजा लवकर," ती म्हणाली, आणि तिने पाण्याचा गडू न् चमचा त्याच्या पुढ्यात ठेवला.

चिमाबाईने डोळे उघडले. तिच्या तोंडावर काय हसू आलं म्हणता! सुट्टीवर लेक आल्यासारखं. "आला का रे बाबा. मी म्हनलं, कंपनी सोडती का नाही तुले."

"आलो, माय."

त्याने चमचा भरून तिच्या ओठाशी नेला. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, कारण तिला काहीतरी विचारायचं होतं. इतक्या वर्षांत तिने ते कधी विचारलं नव्हतं.

"पानी पिऊन काय म्हनला व्हता रे माझा ललित?"

आता बघा, थाप मारायला किती सोपं होतं. 'तुझं नाव घेतलं, माय,' एवढं म्हटलं असतं तरी म्हातारी सुखाने गेली असती आणि सगळेच सुटले असते. नवनाथने तोंड उघडलं तेही त्याचसाठी.

"तो प्यायला नाही, माय," तो म्हणाला. "मी पाजलंच नाही."

कावेरीचे हात थांबले.

"पोटात गोळी लागली की पाणी द्यायचं नाही, असं आम्हाला शिकवलेलं असतं. दिलं तर माणूस दगावतो. हेलिकॉप्टर येणार होतं. ढग होते, ते आलं नाही." गेटपासवरचा मजकूर वाचून दाखवावा तशा आवाजात त्याने हे सांगितलं.

"मांगत व्हता का?"

"हो."

"किती येळ?"

"साडेतीन तास."

"तुझ्यापाशी व्हतं पानी?"

"बाटली भरलेली होती."

"दादा, बस करा!" कारभारी ओरडला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"व्हट तरी वले करायचे रे."

"केले, माय. रुमाल भिजवून केले. तर तो रुमाल चोखायला लागला. मग मी रुमाल काढून घेतला."

शेजारच्या खोलीत टीव्हीवर कसली तरी जाहिरात चालली होती. ती संपून दुसरी लागली.

"पाजलं असतं तं वाचला असता?" चिमाबाईने विचारलं.

"नाही."

"आन् नाही पाजलं, म्हनून वाचला का?"

"नाही, माय."

तिने मान फिरवली. "कारभारी, तू पाज माले."

कारभारीने नवनाथच्या हातातून चमचा हिसकावून घेतला. एक चमचा, दोन, तीन. म्हातारीच्या घशातून प्रत्येक घोट उतरताना ऐकू येत होता. अकरा वर्षांचं नातं तुटलं, आणि आपल्याला त्याचंही काही वाटलं नाही, हे नवनाथच्या ध्यानात आलं. तो जायला उठला.

"कुठं चालला?" म्हातारीने विचारलं.

"गेटवर. ड्यूटी आहे."

"त्याच्यापाशी बसला व्हता ना साडेतीन तास? का तवाही ड्यूटी सांगितली?"

"बसलो होतो. हात धरून बसलो होतो."

"मंग माझाही धर," ती म्हणाली. "पानी तुझ्या हातचं नको माले. हात चालंल."

नवनाथ बसला. त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. दुपार झाली. विकीचे चार फोन येऊन गेले. कावेरीने केलेला चहा त्याच्यापुढे निवून गेला, त्यावर साय धरली. म्हातारीने आणखी दोनदा पाणी मागितलं, दोन्ही वेळा कारभारीने पाजलं. मग ती काही मागेनाशी झाली. नवनाथ समोरच्या भिंतीकडे बघत होता, पाठ ताठ, मांडी घातलेली.

खांद्याला धरून कोणीतरी हलवत होतं. कारभारी होता, त्याचा चेहरा रडून सुजला होता.

"दादा, सोडा आता हात. माय गेली."

"कधी?"

"अर्धा तास झाला! आम्ही सगळे इथंच रडतोय. तुम्ही तिचा हात धरून बसलात न् तुम्हाला कळलं नाही?"

नवनाथने हातातल्या हाताकडे पाहिलं. तो गार पडला होता. खोलीत चाळीतल्या आठ-दहा बाया येऊन बसल्या होत्या. त्या कधी आल्या, त्याला माहीत नव्हतं.

"कावेरी," तो म्हणाला, "मला का कळलं नाही गं?"

लग्नानंतर त्याने तिला असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं, आणि तो खरोखर उत्तराची वाट बघत तिच्याकडे पाहत होता. कावेरी सरकून त्याच्याजवळ बसली आणि म्हातारीच्या हातावरून त्याचं एकेक बोट सोडवू लागली.