काकूंचा अंदाज

जेवणाची घंटा झाली की शिवणघरातल्या मशिनी एकेक करून गप्प व्हायच्या आणि रेडिओ सुरू व्हायचा.

रेडिओ म्हणजे ओव्हरलॉकच्या मशिनवर बसणारी मुलगी. आवाज खणखणीत, आणि बंद करायचं बटण कुठे आहे ते तिच्या आईलाही सापडलेलं नाही, असं कॉलर शिवणारे भाऊ म्हणत. डबे उघडले की ती कापायच्या टेबलाला टेकून रहस्यकथा वाचून दाखवी. रोज एक प्रकरण. मालिका एकच आणि नायकही एकच, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाच्या वर, माडीवर ऑफिस थाटलेला एक खाजगी गुप्तहेर. खुनी कोण हे कळलं की तो मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचा. मग कुणाचीच सुटका नसे.

तिथे दिवसभर शाळेचे शर्ट शिवले जात, एकासारखा एक. कुठली शिवण कुणाची हे संध्याकाळी शिवणाऱ्यालाही सांगता येत नसे. त्या पुस्तकांत मात्र प्रत्येक गोष्ट कुणीतरी केलेली असे, आणि ती कुणी केली हे शेवटी कळतच असे. तेवढं ऐकलं की माणसं पुन्हा मशिनीवर बसताना जरा हलकी झालेली दिसत.

शेवटचं प्रकरण वाचण्याआधी तिथे एक पद्धत होती. प्रत्येकानं खुन्याचं नाव सांगायचं. भाऊ दर वेळी नोकराचं नाव घेत आणि दर वेळी तोंडघशी पडत. कपडे कापणारे मास्तर सगळ्यांत श्रीमंत माणसावर संशय घेत. दाराशेजारच्या टेबलावर इस्त्री करणारे दादा कधीच कुणाचं नाव घेत नसत.

"अहो, पुस्तकातला माणूस आहे, तो काय तुमच्यावर फिर्याद करणार आहे?" भाऊ म्हणत.

"असू दे. मला नको वाटतं," दादा म्हणत आणि शर्टाची बाही उलटी करत.

सगळ्यांत शेवटी काकू बोलत. काकू काज करायच्या. त्यांच्या बोटात सुई बोचू नये म्हणून पितळेचं अंगुस्तान असे. ते काढून त्या टेबलावर ठेवत, गुप्तहेर घड्याळ ठेवी तसं, आणि नाव सांगत. ते नाव कधीही चुकलं नव्हतं.

"काकू, तुम्ही इथे काज करत बसलात, पोलिसांचं नुकसान झालं," रेडिओ म्हणे. काकू हसत आणि अंगुस्तान पुन्हा बोटात घालत.

आता खरी गोष्ट सांगायची तर, वाचनालय काकूंच्या वाटेवर होतं. पुस्तक बदलून आणायचं काम म्हणून त्यांच्याकडे. पहिल्यांदा ते चुकूनच झालं. पुस्तक हातातून निसटलं, पडलं ते नेमकं शेवटच्या पानावर उघडलं, आणि नजर गेली ती गेलीच. त्या वेळी सगळ्यांनी त्यांचं इतकं कौतुक केलं की काकूंना रात्री जेवताना एकटीलाच हसू आलं. इतकी वर्षं काज केली, पण काज बघून कुणी "वा" म्हणत नाही. शर्टाला काज असतंच. पुढच्या पुस्तकाच्या वेळी त्या वाचनालयाच्या कपाटाआड उभ्या राहिल्या. "मागची पानं फाटलेली नाहीत ना, बघते हो," असं त्यांनी तिथल्या माणसाला सांगितलं. नंतर त्यानं विचारणंही सोडलं.

मग एक दिवस मास्तरांची कात्री गेली.

ती साधी कात्री नव्हती. मास्तर ज्यांच्या हाताखाली कापणं शिकले त्यांनी ती दिली होती. कागद कापायलाही ती कुणी घेतलेली मास्तरांना खपत नसे. जेवणाच्या आधी ती टेबलावर होती, वाचन संपल्यावर नव्हती. खोके उपसले, कापडाचे तागे सरकवले, चिंध्यांचं पोतं उपडं केलं. मास्तरांचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला.

"खाई त्याला खवखवे," भाऊ सगळ्यांकडे बघत म्हणाले. "आणि आपल्याला कशाला डोकं शिणवायला हवं? आपल्याकडे काकू आहेत की! काकू, सांगा बघू."

"चल, काहीतरीच. ते पुस्तकातलं," काकू म्हणाल्या.

"काकू," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, "तुम्हाला काय वाटतं?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. रेडिओचे डोळे शेवटच्या प्रकरणाआधी चमकत तसेच चमकत होते. 'मला माहीत नाही' एवढं म्हणायला काय लागतं? तेवढं काकूंना म्हणता आलं नाही. त्यांच्या बोटांनी अंगुस्तान काढलं आणि टेबलावर ठेवलं. ते ठेवताना झालेला बारीकसा आवाज सगळ्यांनी ऐकला. आता काहीतरी बोलणं भाग होतं.

"सगळे पुस्तकाकडे तोंड करून बसलेले असतात," काकू म्हणाल्या. "दारापाशी उभा असतो एकच माणूस. आणि..." त्यांना ते वाक्य इतकं सहज सुचलं की त्यांनाच नवल वाटलं. "जो कधी कुणाचं नाव घेत नाही, त्याच्याकडे आधी बघावं."

पुस्तकात छानच वाटलं असतं ते.

दादांनी आपली पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, एक घडी घातलेला पंचा. मास्तर पिशवीकडे बघत राहिले, 'असू दे' म्हणाले नाहीत. दादांनी इस्त्री बंद केली, उभी ठेवली, वायर गुंडाळली, अर्धा झालेला शर्ट झटकून दांडीला लावला. रोज संध्याकाळी करत तसंच सगळं. मग चपला घालून निघून गेले.

"बघा! गेलाच की," भाऊ म्हणाले.

काकू घरी आल्या तेव्हा नात गणितं करत बसली होती. पुस्तकाच्या मागे छापलेली उत्तरं आधी बघायची आणि मग वर कसंबसं गणित जुळवायचं, ही तिची जुनी खोड. त्यावरून काकूंनी तिला कितीदा समजावलं होतं. उत्तर चोरता येतं ग, रीत चोरता येत नाही, असं त्या म्हणत.

"आजी, आज मी मागे एकदाही बघितलं नाही," नात म्हणाली. "तू खुनी शोधतेस ना, तसं केलं. डोक्यानं."

"बरोबर आलं का?"

"चुकलं. पण कुठे चुकलं ते मला कळलं. हे बघ, हातचा विसरले."

काकूंनी वही हातात घेतली. खोडून खोडून कागद झिजला होता. खाली चुकीचं उत्तर होतं, आणि शेजारी तिनंच केलेली लाल फुली. काकू त्या फुलीकडे बघत राहिल्या.

"आजी, रागावलीस?"

"नाही ग बाळा. तुझ्यावर कशाला रागावू?"

त्या रात्री त्यांनी आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दादा आले नाहीत. इस्त्रीच्या टेबलावर शर्टांचा ढीग चुरगळलेलाच पडून राहिला. जेवणाच्या सुट्टीत रेडिओनं पुस्तक उघडलं. आज शेवटचं प्रकरण होतं.

"थांब," काकू म्हणाल्या. "माझं ऐका आधी. मला काही कळत नाही. कालही कळलं नव्हतं. मी पुस्तक आणतानाच शेवट वाचून ठेवते. पहिल्यापासून."

मग भाऊ हसले.

"काकू, दादांना वाचवायला कशाला एवढं लांबचं वळण घेताय? जीव कळवळला असेल तर तसं सांगा."

"तुमचं मन मऊ आहे," मास्तर म्हणाले. "पण तुमचा अंदाज कधी चुकला नाही, हेही खरंच."

काकूंना वाटलं होतं की खरं बोलणंच कठीण असतं. आता ते बोलून झालं होतं आणि कुणी ते घेतच नव्हतं. या सगळ्यांना पटेल असं त्यांच्याकडे एकच होतं. ते दिलं तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. कितीतरी दिवस सगळे या शेवटाची वाट बघत होते.

"खून माळ्यानं केला नाही," काकू म्हणाल्या. "मेहुण्यानंही नाही."

"काकू, नको!" रेडिओ ओरडली.

"पहिल्या प्रकरणात जिन्यावरून पडून अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे ना, तिनं केला. ती चालू शकते. आणि पुस्तकाचं अगदी शेवटचं वाक्य असं आहे, 'त्या दिवशी त्याने घड्याळ पुन्हा मनगटावर बांधले नाही.'"

रेडिओनं शेवटचं पान काढलं. तिचे ओठ हलले. तिनं पुस्तक मिटलं आणि मास्तरांकडे बघून नुसती होकारार्थी मान हलवली.

"एवढे दिवस जीव टांगणीला लावून ऐकलं," भाऊ हळूच म्हणाले. "त्याची माती केलीत, काकू." या खेपेला ते थट्टा करत नव्हते.

"वाचताना मी तुमच्याकडेच बघायचे," रेडिओ म्हणाली. "तुम्हाला कुठल्या ओळीला कळतंय ते तुमच्या तोंडावर दिसतं का, म्हणून. मला वाटायचं, मलाही कधीतरी तसं येईल."

काकूंनी मान खाली घातली.

संध्याकाळी त्या मास्तरांना घेऊन दादांच्या घरी गेल्या. मास्तर जिन्याखालीच घुटमळले. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले. पिशवी बघणारे आपणच होतो, हे त्यांनाही आठवत असावं.

दार दादांनीच उघडलं. आत बसा म्हणाले नाहीत.

"कात्री सापडली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"ती तुम्ही घेतलेली नाही, हे सांगायला आले."

"कशावरून?"

गुप्तहेर नेहमी विचारी तोच प्रश्न.

"कशावरून नाही," त्या म्हणाल्या. "पुरावा काहीच नाही माझ्याकडे. कालही नव्हता. काल पुराव्याशिवाय तुम्हाला चोर म्हटलं, तेव्हा सगळ्यांनी ऐकून घेतलं. मी पुस्तकांचा शेवट आधी वाचते, म्हणून मी हुशार. तेही सांगितलंय आता सगळ्यांना."

दादा बराच वेळ दाराची कडी खालीवर करत राहिले.

"घरी मी सांगितलं, आज सुट्टी आहे," ते म्हणाले. "उद्या काय सांगावं याचा विचार करत होतो."

त्यांनी 'असू दे' म्हणावं असं काकूंना फार वाटत होतं. ते म्हणाले नाहीत. खाली मास्तर खाकरले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढून मोठ्यानं म्हणाले, "दादा, चूक माझीही आहे. या उद्या. शर्ट पडलेत."

दुसऱ्या दिवशी दादा आले, इस्त्री लावली, ढीग उपसायला लागले. जेवणाची घंटा झाली. डबे उघडले. रेडिओ आपल्या मशिनशीच बसून राहिली.

"का ग, वाचायचं नाही?" दादांनी विचारलं. "शेवटचं प्रकरण राहिलंय ना?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शेवट माहीत नसलेला माणूस त्या खोलीत एकच होता. भाऊंनी तोंड उघडलं, आणि मास्तरांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"राहिलंय तर!" भाऊ म्हणाले. "तुमच्यासाठीच थांबलोय. मी म्हणतो, माळ्यानंच केला."

"मेहुणा," मास्तर म्हणाले. "पैसेवाला आहे." खोटं बोलताना ते दादांकडे बघत नव्हते.

"दादा, तुम्ही?" रेडिओनं विचारलं.

"मला नको वाटतं," दादा म्हणाले. मग बाही उलटी करता करता, वर न बघता म्हणाले, "आज काकूंनी वाचावं."

काकू उठल्या. अंगुस्तानानं पान उलटत नव्हतं म्हणून त्यांनी ते काढलं, आणि सवयीनं सगळ्यांच्या नजरा त्यांच्या हाताकडे गेल्या. काकूंनी ते टेबलावर ठेवलं नाही. मुठीत घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं पान उघडलं.

कपाटाआड त्यांनी ते घाईघाईनं चाळलं होतं, फक्त नाव शोधत. आता एकेक ओळ वाचावी लागत होती. म्हातारीनं हे का केलं हे त्यांना आत्ता, सगळ्यांसमोर वाचताना कळत होतं, आणि तिची फार दया येत होती. मधेच त्या थांबल्या. त्यांनी मान वर केली.

दादांच्या हातातली इस्त्री थांबली होती. ते वाट बघत होते.

काकूंनी पुढची ओळ वाचली.