शोभा तिजारेचा दोरा

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभा तिजारे आपल्याच उजव्या बुटात उभी असलेली सापडली. बुटाच्या काठावर तिने दोन्ही हात ठेवले होते आणि त्यांवर हनुवटी टेकली होती, चाळीच्या गॅलरीत उभं राहावं तशी. लिपस्टिक तेवढी व्यवस्थित लावलेली होती.

"गुड मॉर्निंग जी," ती म्हणाली. "लय थंडी वाजून रायली होती, म्हणून आतमंदी उतरली."

बर्फावर चढायला शिकवणाऱ्या गुंजाळ मॅडम वाकून तंबूत आल्या. त्यांनी बूट उचलून वजनाचा अंदाज घेतला आणि परत खाली ठेवला.

"कमरेचा हार्नेस आवळून बांधा," त्या म्हणाल्या. "चहा झाला की निघायचंय. सूट कोणालाच नाही."

जगदाळेबाईंना यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही. माणसं अशी होतात हे त्यांना ठाऊक होतं. साताऱ्यात मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर खेळ शिकवला, आणि संघात न घेतलेल्या दोन-चार मुली दरवर्षी परीक्षेपर्यंत दप्तराच्या पुढच्या कप्प्यात मावायला लागायच्या. पालकांनी कधी तक्रार केली नाही. गणवेशाचं कापड वाचायचं. घरी श्रीयुत जगदाळे तर कित्येक वर्षं चष्म्याच्या डबीत झोपत होते. सहलीला निघताना बाईंनी त्यांच्यासाठी बशीत चुरमुरे काढून ठेवले होते, डबीचं झाकण किलकिलं केलं होतं आणि शेजारणीला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. बायको म्हणून त्यांनी कशात कसूर केली नव्हती.

बाईंचं सगळं नाकात होतं. ओरडणं, रागावणं, छड्या मारणं असल्या गोष्टींची त्यांना कधी गरजच पडली नाही. समोरच्याला वरपासून खालपर्यंत बघायचं, नाकातून एक आखूड श्वास सोडायचा, "हं," आणि पुढे चालायला लागायचं. बास. आदल्या संध्याकाळी शोभाने सॅकमधून भिवया कोरायच्या दोऱ्याचं रीळ काढलं होतं. आर्वीला तिचं ब्युटी पार्लर होतं. वर शिखरावर फोटो निघतील, तेव्हा सगळ्यांच्या भिवया नीट असलेल्या बऱ्या, असं तिचं म्हणणं. दोऱ्याचं एक टोक दातात धरून, दुसरं बोटांवर पिळून ती बाईंच्या पुढ्यात बसली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं होतं आणि श्वास सोडला होता.

आता शोभाचं काय चुकलं, असं कोणी विचारील. चुकलं काही नाही. पण हिमनदीवर भिवया कोरायला निघालेल्या बाईकडे बघून जगदाळेबाईंनी दुसरं काय करायचं होतं?

सहल फक्त महिलांसाठी होती. मनालीच्या पलीकडे, एका हिमनदीच्या काठावर तंबू ठोकलेले. बुटांना लोखंडी काटे बांधून बर्फावर चालायचं, दोरीने एकमेकींना बांधून घ्यायचं, भेगा ओलांडायच्या, आणि सगळं शिकून झालं की समोरच्या शिखरावर जाऊन यायचं. बाईंच्या दृष्टीने शिकण्यासारखं त्यात काही नव्हतं. रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येणाऱ्या बाईला कोण काय शिकवणार? त्या आल्या होत्या ते शिखरासाठी, कारण साताऱ्यात पोवई नाक्यावर त्यांच्या अभिनंदनाचा फ्लेक्स आधीच लागला होता. 'हिमशिखर सर केल्याबद्दल', खाली माजी विद्यार्थिनी संघ, आणि मधोमध बाईंचा चेहरा, मागच्या दुमजली इमारतीएवढा. फोटो बाईंनीच दिला होता. शिखर न गाठता परतायचं म्हणजे त्या फ्लेक्सखालून रिक्षाने घरी जायचं. सातारकर तोंडाने काही बोलणार नाहीत. फक्त नाकातून श्वास सोडतील. अख्ख्या गावाने तसा श्वास सोडला तर माणसाचं काय होतं, हे बाईंइतकं कोणाला कळणार? या विचाराने त्यांना खरोखरीची भीती वाटायची, आणि मग त्या जास्तच ताठ चालायच्या.

बर्फाच्या उतारावर गुंजाळ मॅडमनी पडायला शिकवलं. दोरीवरची एक घसरली की बाकीच्यांनी क्षणात पालथं पडायचं, हातातल्या बर्फाच्या कुऱ्हाडीचं टोक खाली रुतवायचं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकायचा.

"दोरीवर मैत्रीण नसते," मॅडम म्हणाल्या. "जी पडेल तिला धरायचं. आवडो न आवडो."

शोभाच्या हातात कुऱ्हाड मावेना, म्हणून तिने सॅकमधली अंबाड्याची यू-पिन काढली. तीसुद्धा तिच्या कमरेपर्यंत येत होती. ती घसरायची, वळायची, पिन रोवायची, थांबायची, उठून अंगावरचा बर्फ झटकायची. ठाण्याची स्नेहल टिपणीस हे सगळं मोबाइलवर टिपत होती. स्नेहल कॉम्प्युटरवाली, वय तिशीचं, आणि चालताना सुद्धा कोणाशी तरी बोलणारी.

"तर मैत्रिणींनो, आपण आत्ता एका लिव्हिंग, ब्रीदिंग ग्लेशियरवर आहोत," ती मोबाइलला सांगत होती.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "हं."

मोबाइल सपाट बर्फावर पडला आणि स्नेहल त्याच्या पडद्यावर उभी होती, मिठाच्या डबीएवढी. तिने आजूबाजूला बघितलं, एका पायाने बटण दाबून बघितलं आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. आवाज मात्र माशीएवढा झाला होता, त्यामुळे बाईंना जरा बरं वाटलं.

त्याच दुपारी गाठी मारायचा सराव होता. मॅडमनी दाखवलेली गाठ बाईंना दोनदा उसवून परत घालावी लागली. शोभा दोरीवर चढून बसली, अंगाने ती जाड दोरी रेटत, ओढत, तिच्याच वेढ्याखालून सरपटत गेली आणि बाहेर आली तेव्हा गाठ तयार होती, नेटकी, दोन्ही पदर शेजारी शेजारी बसलेले.

"चांगली बसलीय," बाई म्हणाल्या. तोंडातून निघूनच गेलं.

शोभा तिथल्या तिथे वाढली. बाईंच्या गुडघ्याला लागली. मान वर करून ती बाईंकडे बघायला लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की बाईंना तो बघवेना. एका गाठीचं एवढं काय? शाळेत असं एखादीला चांगलं म्हटलं की ती दुसऱ्या दिवशी वर्गात पुढच्या बाकावर येऊन बसायची. बाईंनी तिच्या लिपस्टिककडे पाहिलं आणि नाकातून श्वास सोडला. शोभा परत बुटात मावायला लागली.

"असं का करून रायल्या ताई?" तिने विचारलं. "मी तं काहीच नाही म्हटलं तुमाले."

बाई गाठ सोडायला लागल्या.

शिखराच्या सकाळी गुंजाळ मॅडमनी दोरीवरचा क्रम सांगितला. सगळ्यात पुढे शोभा, मग स्नेहल, मग त्या स्वतः, शेवटी जगदाळेबाई.

"पुढे? ही?" बाई म्हणाल्या.

"भेगांवर ताजा बर्फ बसलाय. वरून कळत नाही. हलकं माणूस पुढे गेलं तर बर्फ तोलतो. जड असेल ते मागे."

"मी अजिंक्यतारा रोज चढते, मॅडम."

"अजिंक्यतारा पोकळ नाहीये."

हे मॅडमनी सहज सांगितलं. त्यात टोमणा नव्हता. पण शाळा सोडल्यापासून बाईंना कोणी मागच्या रांगेत उभं केलं नव्हतं. त्यांनी गुंजाळ मॅडमना नीट निरखलं: उन्हाने सोललेलं नाक, बाह्यांना ठिगळ लावलेलं जॅकेट, गळ्यातली शिट्टी. मग श्वास सोडला. हा श्वास जरा लांबच झाला.

शिट्टी बर्फावर पडली. तिच्या शेजारी गुंजाळ मॅडम उभ्या होत्या. त्यांनी शिट्टीच्या भोकाशी तोंड नेलं आणि आतून बोलायला लागल्या, म्हणजे ऐकू यावं.

"ठीक आहे," शिट्टी म्हणाली. "पण दोरी सुटणार नाही. दोरीशिवाय कोणी पाऊल टाकायचं नाही."

"तिघी माझ्या खिशात बसा," बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत वर नेऊन खाली आणते. फोटोत दिसाल न दिसाल."

"खिशात कोणी बसणार नाही."

आता हार्नेस कितीही आवळला तरी या तिघींना बसणार नव्हता. तेव्हा शोभाने आपलं रीळ आणलं. भिवयांचा दोरा दुहेरी केला, त्याला पीळ दिला, आधी मॅडमच्या, मग स्नेहलच्या, मग स्वतःच्या कमरेला बांधला आणि उरलेलं टोक बाईंच्या जाड दोरीला गाठलं. गाठ पुन्हा नेटकी होती. बाईंनी यावेळी ओठ घट्ट मिटून घेतले.

निघताना शोभा बाईंच्या बुटावर चढून आली.

"ताई, मी पडली तं तुमी धरसान ना मले?"

"पडून जाणार कुठे? बर्फात रुतायला तेवढं वजन तरी लागतं."

"आन् तुमी पडल्या तं मी धरीन."

जगदाळेबाई हसल्या नाहीत. हसणं परवडलं असतं. त्यांच्या नाकातून त्या सहलीतला सगळ्यात मोठा श्वास बाहेर पडला, दोन्ही नाकपुड्यांतून, पांढऱ्या वाफेसकट. वाफ विरली तेव्हा शोभा बुटाच्या नाडीच्या गाठीवर उभी होती आणि त्या गाठीएवढीच होती. कमरेचा दोरा सैल झाला होता. तो तिने घट्ट करून घेतला.

बाई पुढे चालायला लागल्या. मागे दोरी, दोरीमागे दोरा, दोऱ्यावर तिघी. शिखर समोर होतं, उन्हात आलेलं, आणि वाटेत कोणी नव्हतं. मधूनमधून शिट्टीचा आवाज येत होता, "डावीकडून, बाई, डावीकडून." उजवीकडची वाट सरळ होती. बाई उजवीकडून गेल्या. मनातल्या मनात त्या फ्लेक्सखालून चालत होत्या, रिक्षा न करता, भर बाजाराच्या वेळी.

बर्फाने आवाज केला नाही. पायाखालची जमीन होती ती नुसती नाहीशी झाली, आणि बाई निळ्या उजेडात खाली गेल्या. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत भिंती वर सरकत होत्या. मग कमरेला हिसका बसला आणि त्या थांबल्या.

खाली भेग संपत नव्हती. काट्यांचे बूट तिच्यावर लोंबकळत होते. बाईंनी हात-पाय हलवून बघितले. सगळं जागेवर होतं. दोरी ताणलेली होती. याचा अर्थ वर कोणीतरी धरलं होतं, आणि वर कोण होतं ते बाईंना माहीत होतं. मान मोडून त्यांनी वर पाहिलं.

भेगेच्या अगदी काठावर शोभा तिजारे बसली होती. एका पायाखाली यू-पिन, बर्फात रोवलेली. दोऱ्याचा एक पदर दातात धरलेला, दुसरा दोन्ही हातांच्या बोटांवर पिळलेला, पार्लरमध्ये गिऱ्हाइकाच्या कपाळावर वाकावं तशी ती भेगेवर वाकली होती. तिच्यामागे स्नेहल दोऱ्याला मिठी मारून पालथी पडली होती. पहिल्यांदाच ती कोणाशी बोलत नव्हती.

"बाई," शिट्टी म्हणाली, "शोभा एवढीच राहिली तर फार वेळ धरता येणार नाही. तिच्याबद्दल काहीतरी चांगलं बोला."

"काय बोलू?"

"तुम्हाला वाटेल ते. पण वाटलं पाहिजे."

बाईंनी आठवून बघितलं. चांगलं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण आता जीव दोऱ्यावर होता, आणि मरायचं नव्हतं. त्यांना साताऱ्याचं घर आठवलं. डबीत झोपलेले जगदाळे आठवले. चुरमुरे संपत आले असतील. रडू आलं. दप्तराच्या कप्प्यातून बाहेर बघणारे चेहरे आठवले, त्यांतल्या एकीचंही नाव आठवेना.

"शोभा," त्या म्हणाल्या. आजवर त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती.

वर शोभा तांदळाच्या दाण्याभराने वाढली. दोरा थोडा वर सरकला, बाईही तेवढ्याच वर आल्या. खूप बरं वाटलं.

"शोभा, तू..."

शोभा पुढे वाकली. दातात दोरा असल्यामुळे तिला काही बोलता येत नव्हतं, म्हणून ती भिवया उंचावून वाट बघायला लागली. भिवया उत्तम कोरलेल्या होत्या. लिपस्टिक दोऱ्याला लागून वीतभर दोरा गुलाबी झाला होता आणि थोडी तिच्या हनुवटीवरही उतरली होती. एवढीशी बाई, गुलाबी हनुवटी, आणि ते उंचावलेले दोन बारीक केस.

जगदाळेबाईंच्या नाकाच्या मुळाशी तो आखूड श्वास भरून यायला लागला.

त्यांनी घाईने डोळे मिटले. मिटल्यावर ती गुलाबी हनुवटी जास्तच स्पष्ट दिसायला लागली. त्यांनी दोन्ही हातमोज्यांनी नाक गच्च दाबून धरलं, तोंड मिटलं, आणि निळ्या उजेडात सावकाश गोल फिरत राहिल्या. वर शोभा तशीच वाकून, भिवया उंचावून, त्या काय म्हणतात याची वाट बघत होती. बाईंचे गाल फुगत चालले होते.